निंदणी

ऑक्टोबर. तळजाईवर मोर ओरडतात तेव्हा साडेसहा झालेले असतात.
मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गुडघ्याला बँडेज,
पुढे तीस बाय बावीस,
ज्याला सहकारनगरात एकेकाळी लॉन म्हणायचे.

दोन वर्षं इकडे कोणी फिरकलं नाही.
आत पलंग होता, पलंगावर अच्युत.
तेवढ्यात बाहेर ह्यांनी संसार मांडले:
कंबरेएवढं गाजरगवत, पांढऱ्या फुलांचं, दिसायला सभ्य;
केना, आंबुशी, दुधी;
कुंपणाशी आघाडा, पदराला धरून घरात येणारा,
न विचारता.
आणि सगळीकडे लव्हाळा.

"वरनं नका वढू, ताई. गाठ खालीच ऱ्हाती."
ठकूबाई शेडगे, भोरकडची. खुरपं तिरकं घालून
ती वीतभर खाली जाते.
काळी गाठ, गाठीला दोरा, दोऱ्याला आणखी एक गाठ.
चोरांच्या भीतीनं कोणी माळ पुरावी
आणि सांगायचं राहून जावं, तसं.

सल्ले फाटकातून येतात.
मीठ टाका, म्हणतात समोरचे भिडे.
काळं प्लॅस्टिक अंथरा सहा आठवडे, मरतं.
कोणी फवाऱ्याचं नाव लिहून देतं
दुधाच्या बिलामागे. खुरपं मात्र
कोणी हातात धरत नाही.

तण काढणं म्हणजे निंदणं.
शाळेत तेहतीस वर्षं मी हा शब्द
दुसऱ्याच अर्थानं शिकवला, वाक्यात उपयोग करून घेतला.
ठकूबाई निंदते आणि कुणाला नावं ठेवत नाही.
घोळ वेगळी काढते, भाजीला.
"ह्ये तण न्हाई. ह्ये माझं."

खिडकीखाली खुरपं टचकन वाजलं.
त्याच खिडकीखाली.
मातीत चकाकणारा एक चौकोन.
मग दुसरा. मग पुष्कळ.
मी कात्रीनं कापून वाटीत ठेवायचे, सकाळची, रात्रीची,
तेच ते चौकोन. प्रत्येकात गोळी शाबूत.
"घेतलीस?" मी ओट्यापासून विचारायचे.
"घेतली," म्हणायचा. रिकामा पेला उंच करून दाखवायचा,
शाळेतल्या पोरासारखा.
एकेचाळीसनंतर मोजणं सोडलं.

ठकूबाईनं हात थांबवला.
"ह्ये गवतात नगं," म्हणाली. "येगळं ठिवा."
मी पदरात घेतले. कुठे ठेवायचे
ते अजून ठरलेलं नाही.

मग खणणं, ऊन देणं, शेणखत,
फळी ओढून सपाट करणं.
बियाणं मार्केट यार्डाकडून आणलं. अर्धा किलो, बाराशे रुपये.
पिशवीवर परदेशी हिरवळ, तिच्यावर परदेशी कुत्रा.
ठकूबाईनं तळहातावर चार दाणे घेतले,
एक दातांखाली धरला. "ही तर हरळी."
मी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली,
कोश काढला, लॅटिन नावावर बोट ठेवून खाली आले.
हरळी.
तीन पोती हरळी आम्ही उपटून
महापालिकेच्या गाडीत घातली होती.
फक्त मंगळवारची जुडी देवापुढे,
तिथे तिला दूर्वा म्हणतात.
ठकूबाईला हसून हसून मातीतच बसावं लागलं,
मला स्टूल धरावं लागलं.
भिडे फाटकाशी येऊन
काय झालं, काय झालं, विचारून गेले.

पेरलं तरीही. वर पोतं अंथरलं,
झारीनं सकाळ-संध्याकाळ पाणी.
मुनिया आल्या, त्यांचा वाटा घेऊन गेल्या.

आज बारावा दिवस. पोतं उचललं
तर खाली हिरवी लव,
फुंकरीनं हलेल इतकी.
ह्यातली पेरलेली कोणती, राहून गेलेली कोणती,
वाकून पाहिलं, भिंग लावून पाहिलं.
ठकूबाई म्हणते, वाढू द्या, मग बघू.

खुरपं धुतलं, पुसलं,
खिडकीत ठेवलंय.
आतून हात घातला की येतं.